आधी सक्ती, मागाहून तार

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या कुशीत वसलेल्या धडगाव आणि अक्कलकुवा या तालुक्यांत पाड्यापासून टेकडीच्या माथ्याकडे जाणाऱ्या काही पायवाटा गेल्या काही वर्षांत रुळल्या आहेत. त्या गुरांच्या नाहीत, पाण्याच्या नाहीत, देवाच्याही नाहीत. त्या 'रेंज'च्या आहेत. माथ्यावर कोठेतरी एक अशी जागा असते की तेथे उभे राहिले म्हणजे मोबाईलच्या पडद्यावर एक-दोन दांड्या उमटतात. ती जागा साऱ्या पाड्याला ठाऊक असते. अशा जागा मेळघाटात आहेत, भामरागडात आहेत, जव्हार-मोखाड्यात आहेत आणि सिंधुदुर्गाच्या डोंगरपट्ट्यातही आहेत. गावाला रस्ता नसला तर तो नकाशावर दिसत नाही आणि त्याची मागणी होते. रेंज नसली तर मात्र माणसे मुकाट्याने डोंगर चढतात आणि शासनाच्या लेखी ते गाव 'जोडलेले'च राहते.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लाडकी बहीण योजनेतील प्रत्येक स्त्रीला 'ई-केवायसी' सक्तीची केली. महिन्याला १५०० रुपये मिळत राहायचे असतील तर तिने संकेतस्थळावर जाऊन आपला आधार क्रमांक भरायचा, मोबाईलवर येणारा ओटीपी टाकायचा, आणि मग पतीच्या अथवा वडिलांच्या आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येणारा दुसरा ओटीपीही टाकायचा. मुंबईतील मंत्रालयात बसून हा नियम लिहिणे सोपे आहे. परंतु जिचा नवरा ऊसतोडीला दूरच्या जिल्ह्यात गेला आहे, तिने डोंगरावर उभे राहून त्याला फोन लावायचा, तो ज्या फडात असेल तेथे त्याच्या मोबाईलला रेंज असायला हवी, त्याने अंक वाचून सांगायचे, आणि ओटीपीची काही मिनिटांची मुदत संपण्याच्या आत तिने ते भरायचे. तेवढ्यात संकेतस्थळ बंद पडू नये, एवढीच काय ती प्रार्थना. नियम करणाऱ्याने हे चित्र डोळ्यांसमोर आणले नव्हते, की आणूनही त्याची पर्वा केली नाही? दोहोंपैकी कोणतेही उत्तर शासनाला शोभणारे नाही.

या प्रश्नाविषयी शहरी सुशिक्षितांची एक ठरलेली प्रतिक्रिया असते, आणि ती कौतुकाची असते. २०२० साली टाळेबंदीत शाळा-महाविद्यालये बंद झाली, शिक्षण 'ऑनलाइन' झाले, आणि सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीने रेंज मिळते म्हणून डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केला. वृत्तपत्रांनी तिच्या जिद्दीचे गोडवे गायले. त्या मुलीची जिद्द वंदनीयच होती. परंतु तिला डोंगरावर का जावे लागले, हा प्रश्न त्या गोडव्यांत विरून गेला. त्याआधी २०१७-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत असे आढळले होते की, ग्रामीण भागातील शंभर कुटुंबांपैकी जेमतेम १५ कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आहे आणि संगणक तर चार-पाच कुटुंबांकडेच आहे. शहरांत हेच प्रमाण अनुक्रमे ४२ आणि २३ होते. हे आकडे शासनाच्याच कपाटात होते. ते पाहूनही ज्यांनी शिक्षण मोबाईलवर नेले, त्यांनी एका मुलीच्या झोपडीआड आपली जबाबदारी लपवली. गरिबाच्या सोशिकतेचे कौतुक हा आपल्याकडील राज्यकर्त्या वर्गाचा जुना उद्योग आहे. दुष्काळात पाला खाऊन जगणाऱ्याच्या चिवटपणाचे कौतुक करणारेही एके काळी होतेच.

ही 'जमवून घेण्या'ची कला ग्रामीण माणसाने आता चांगलीच आत्मसात केली आहे. रात्री दोन वाजता गर्दी कमी असते म्हणून अर्ज तेव्हा भरायचा. मोबाईल खिडकीच्या गजाला किंवा छपराच्या वाशाला टांगून ठेवायचा. दोन कंपन्यांची दोन सिमकार्डे बाळगायची आणि दोन्हींचे रिचार्ज मारायचे. 'सर्व्हर डाऊन' आहे असे ऐकले की रेशन दुकानाच्या ओट्यावर बसून राहायचे, संध्याकाळी परत जायचे, उद्या पुन्हा यायचे. अंगठा लागत नसेल तर बोट दगडावर घासून पुन्हा लावायचे. हे सारे शहाणपण खरे. पण ते ज्या अन्यायातून उपजले तो अन्याय त्यामुळे पुसला जात नाही.

अन्याय नेमका कोणता, हे नीट समजून घेतले पाहिजे. ग्रामीण भागात इंटरनेट मंद आहे, एवढेच गाऱ्हाणे असते तर त्याला गैरसोय म्हणून सोडून देता आले असते. खेड्यात नाटकगृह नाही, मोठे ग्रंथालय नाही, तशीच ही एक उणीव. परंतु नाटक न पाहिल्याबद्दल कोणी खेडुताचे रेशन तोडत नाही. इंटरनेटच्या बाबतीत शासनाने नेमके तेच केले आहे. सेवा पोचवण्याचे आपले कर्तव्य अपुरे ठेवून, त्या सेवेचा वापर मात्र त्याने नागरिकावर बंधनकारक केला. जे स्वतः पुरवले नाही त्याची सक्ती करण्याचा अधिकार कोणत्याही शासनाला नाही. वादाचे मूळ येथे आहे.

सक्तीची यादी पाहावी. २०१७ साली शेतकरी कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइनच भरायचे ठरले. सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या, यंत्रणा कोलमडली आणि मुदत वाढवावी लागली. १ मार्च २०२१ रोजी अंगणवाड्यांसाठी 'पोषण ट्रॅकर' आला. मुलांची वजने आणि आहार यांची नोंद मोबाईलवर करण्याचे काम तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या सेविकांच्या माथी पडले. मोबाईल निकृष्ट, ॲप इंग्रजी, म्हणून त्याच वर्षी महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी ते मोबाईल शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. १५ ऑगस्ट २०२१ रोजी 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. पूर्वी तलाठ्याने पाहून नोंदवायचे पीक आता शेतकऱ्याने शेतात उभे राहून, छायाचित्र काढून, स्वतः नोंदवायचे झाले. आणि १ जानेवारी २०२३ पासून केंद्रीय रोजगार हमी कायद्याखालील कामांवर मजुरांची हजेरी ॲपवरच घेण्याची सक्ती आली: सकाळी एक छायाचित्र, दुपारी एक, स्थळाच्या खुणेसह.

या शेवटच्या गोष्टीपाशी महाराष्ट्राने जरा थांबले पाहिजे. रोजगार हमी ही या राज्याने देशाला दिलेली देणगी आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली योजना १९७७ साली कायद्यात उतरली, आणि काम मागणाऱ्याला काम देणे हे शासनाचे दायित्व ठरले. २००५ च्या केंद्रीय कायद्यामागे तोच विचार होता. त्या विचाराचा गाभा असा की, कुदळ उचलून खड्डा खणला की मजुरीवर हक्क प्रस्थापित झाला. ॲपने हा गाभाच पोखरला. खड्डा खणला आहे, माती उपसली आहे, घाम गाळला आहे, पण दुपारचे छायाचित्र चढले नाही. मग तो दिवस भरलाच नाही. श्रमाचा पुरावा श्रमात उरला नाही, तो रेंजवर अवलंबून राहिला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा केला. त्यातही अंगठ्याची ओळख आणि मोबाईलवरची देखरेख यांवरची भिस्त कमी झाली नाही, उलट वाढली.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ही सक्ती म्हणजे एक छुपा कर आहे. तो कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही, विधिमंडळात त्यावर चर्चा होत नाही, आणि तो वसूल होतो फक्त त्यांच्याकडून ज्यांच्यापर्यंत तार पोचलेली नाही. साधा हिशेब करावा. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. पाड्यावरील स्त्रीचा ई-केवायसीपायी एक दिवस मोडला तर १५०० रुपयांच्या महिन्याच्या मदतीतील पाचवा हिस्सा तेथेच गेला. तालुक्याच्या गावी जाण्यायेण्याचे भाडे आणि सेवा केंद्रवाल्याला द्यायचे पैसे त्यावर आणखी. 'आज सर्व्हर नाही, उद्या या' असे ऐकून ती परतली तर दोन दिवस गेले, आणि महिन्याच्या मदतीचा जवळजवळ निम्मा भाग शासनाने एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेतला. शहरातील स्त्रीला हेच काम घरबसल्या पाच मिनिटांत करता येते. जो अधिक दूर, अधिक गरीब, त्याच्यावर कर अधिक. इतका उलटा कर उघडपणे बसवण्याचे धाडस कोणत्याही अर्थमंत्र्याला झाले नसते.

सेवा केंद्र चालवणाऱ्या तरुणाला येथे दोष देण्यात अर्थ नाही. त्याने कर्ज काढून संगणक घेतला आहे, त्याचीही लाईन दुपारभर बंद असते, आणि शासन त्याला पगार देत नाही. आपल्या कचेरीचे काम शासनाने त्याच्या दुकानात ढकलले आहे, आणि त्याचे मोल गरिबाने खिशातून भरायचे आहे.

आता प्रश्न असा की, तार पोचली का नाही? डोंगर, जंगल, विरळ वस्ती ही कारणे सांगितली जातात आणि त्यांत तथ्य आहे. परंतु डोंगर नवे नाहीत. आश्वासने मात्र दर पाच वर्षांनी नवी असतात. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत प्रत्येक खेड्यात दूरध्वनी पोचेल असे सांगितले. ते झाले नाही. खासगी कंपन्यांनी परवाने घेताना खेड्यांत सार्वजनिक दूरध्वनी बसवण्याचे बंधन पत्करले होते. शहरांतील गिऱ्हाईक मिळाल्यावर ते बंधन त्यांनी बासनात गुंडाळले. १९९९ च्या नव्या धोरणाने तेच उद्दिष्ट २००२ वर नेले. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली: खर्च सुमारे २०,००० कोटी, मुदत दोन वर्षे. पहिल्या एक लाख पंचायती पुऱ्या व्हायला डिसेंबर २०१७ उजाडले. मधल्या काळात योजनेचे नाव बदलून 'भारतनेट' झाले. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी हजार दिवसांत सहा लाखांहून अधिक गावे जोडण्याची घोषणा केली. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांची 'सुधारित' योजना मंजूर झाली. कामाची व्याप्ती वाढली, देखभालीचा खर्च त्यात धरला, हे खरे. पण सुधारणा करावी लागली याचा अर्थ मूळ काम फसले होते, असाच होतो.

ते कसे फसले, हेही सांगण्यासारखे आहे. तालुक्यापासून निघालेली केबल माळेच्या मण्यांप्रमाणे एका पंचायतीतून पुढच्या पंचायतीत अशी ओढली गेली. रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने एका ठिकाणी ती तोडली की पुढची सारी गावे अंधारात. दोन्ही बाजूंनी जोडणारे कडे करावे, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरीकडून सेवा चालू राहील, ही जाळ्याच्या शास्त्रातील प्राथमिक गोष्ट. ती सुधारित योजनेत आली, म्हणजे तब्बल बारा वर्षांनी. पंचायतीच्या कचेरीतील कपाटात यंत्र बसले; पण कचेरीची वीज गेली की ते बंद, ग्रामसेवक रजेवर गेला की कचेरीच बंद, आणि तुटलेली केबल जोडणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी. तरीही कागदावर ती पंचायत 'सेवासज्ज' असते. दोन लाखांहून अधिक पंचायती 'सेवासज्ज' झाल्याचे केंद्र शासन सांगते. सेवासज्ज म्हणजे सेवा नव्हे. विहीर खणली, कठडा बांधला, फक्त पाणी लागले नाही, अशा विहिरीला 'पाणीसज्ज' म्हणण्यासारखाच हा प्रकार आहे. मेळघाटातील हरिसाल हे गाव २०१६ साली देशातील पहिले 'डिजिटल गाव' म्हणून गाजवले गेले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात त्याच गावाचे वास्तव जाहीर सभांतून दाखवले गेले आणि शासनाला खुलासे करत बसावे लागले.

मोबाईलच्या टॉवरचेही तसेच. शहरातील टॉवर फायबरने जोडलेला असतो. डोंगरातील टॉवर पुष्कळदा दुसऱ्या टॉवरकडून हवेतून येणाऱ्या अरुंद वाटेवर जगतो, आणि चार-पाच गावे त्याच्या एकट्याच्या अंगावर असतात. सकाळी निरोप जातो, संध्याकाळी सारी तरुण मंडळी घरी आली की छायाचित्रही जात नाही. वीज गेली की बॅटरी, बॅटरी संपली की डिझेल, डिझेल नसले की शांतता. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २४,६८० गावांत फोर-जी पोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे शहरांत फाइव्ह-जीचे लिलाव चालू होते त्याच महिन्यात शासन कबूल करत होते की, इतक्या गावांत फोर-जीही नाही. हजेरीची सक्ती त्यानंतर सहा महिन्यांच्या आत आली!

बाजारपेठ हे काम आपोआप करील, असे एक मत तीस वर्षे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले गेले. स्पर्धेमुळे शहरांत दर उतरले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु खासगी कंपनी टॉवर उभारते तो गिऱ्हाइकांच्या संख्येकडे आणि त्यांच्या खिशाकडे पाहून. पन्नास उंबऱ्यांच्या पाड्यासाठी टॉवर उभारण्याचा खर्च तेथील रिचार्जमधून कधीच निघणार नाही. यात कंपनीचा दुष्टपणा नाही. नफ्याचा नियमच तसा आहे. मार्च २०२४ अखेर शंभर माणसांमागे मोबाईल आणि दूरध्वनी जोडण्यांची संख्या शहरांत सुमारे १३३ होती, ग्रामीण भागात सुमारे ५९. तीस वर्षांच्या स्पर्धेनंतरची ही दरी आहे. जेथे नफा नाही पण गरज आहे तेथे समाजाने एकत्रितपणे खर्च उचलावा लागतो. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली, आणि पुढे 'गाव तिथे एस.टी.' हे ब्रीद झाले, ते काही प्रत्येक गावाचा मार्ग नफ्यात होता म्हणून नव्हे. भरलेल्या मार्गाने रिकाम्या मार्गाचा भार उचलला, म्हणून खेड्यातील मुलगी माध्यमिक शाळेत गेली. पोस्टाचे कार्ड मुंबईहून दादरला आणि भामरागडला एकाच दराने गेले, तेही याच न्यायाने.

असा न्याय दूरसंचारातही कायद्याने मान्य आहे, ही यातील सर्वांत कडवट गोष्ट. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातील पाच टक्के रक्कम सार्वत्रिक सेवा दायित्व निधीसाठी घेतली जाते आणि २००३ साली त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' केले. खेड्यांसाठीचा पैसा आहे. तो शहरी गिऱ्हाइकाच्या बिलातून रीतसर जमा होतो. परंतु तो आधी भारताच्या संचित निधीत जातो आणि तेथून शासनाच्या मर्जीने, मर्जीइतकाच बाहेर येतो. वर्षानुवर्षे जमेपेक्षा खर्च कमी राहिला. दुसरीकडे, सप्टेंबर २०२१ मध्ये खासगी कंपन्यांच्या थकलेल्या देण्यांना चार वर्षांची सवलत तत्परतेने मिळाली, आणि एका कंपनीची देणी समभागांत बदलून घेता घेता तिचे जवळपास निम्मे भाग शासनाकडे आले. कंपनी अडचणीत आली तर मुदत वाढते. पाड्यावरची स्त्री अडचणीत आली तर तिचे नाव यादीतून कमी होते.

मग सार्वजनिक कंपनीचे काय? ऑक्टोबर २००० मध्ये स्थापन झालेल्या भारत संचार निगमकडेच दुर्गम भागाचे ओझे राहिले. खासगी कंपन्यांची फोर-जी सेवा २०१२ पासून सुरू झाली. निगमला त्यासाठीच्या लहरी देण्याचा निर्णय ऑक्टोबर २०१९ मध्ये झाला. जानेवारी २०२० अखेर स्वेच्छानिवृत्तीने सुमारे ७८ हजार कर्मचारी, म्हणजे जवळपास निम्मे मनुष्यबळ, एका दिवसात बाहेर पडले. खांबावर चढणारा, केबलचा जोड ओळखणारा लाइनमन त्यांतच गेला. देशी बनावटीच्या यंत्रणेवर निगमची फोर-जी सेवा देशभर सुरू झाल्याची घोषणा व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. हातपाय बांधून पळायला लावायचे आणि मागे राहिला म्हणून हिणवायचे, असा हा खेळ झाला.

यावर आक्षेप येईल की, सार्वजनिक क्षेत्राचा कारभार कोणाला ठाऊक नाही? दूरध्वनीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहावे लागे, लाइनमनला चिरीमिरी दिल्याखेरीज बिघाड दुरुस्त होत नसे. हा आक्षेप खरा आहे, आणि तो झाकून समाजवादाची बाजू बळकट होत नाही. परंतु त्याच काळातील दुसरे उदाहरणही विसरता कामा नये. ऑगस्ट १९८४ मध्ये सरकारने सी-डॉट ही संशोधन संस्था स्थापन केली. तिच्या तरुण अभियंत्यांनी धूळ, उकाडा आणि लहरी वीज गृहीत धरून, वातानुकूलनाशिवाय चालणारे १२८ जोडण्यांचे ग्रामीण एक्स्चेंज घडवले आणि जुलै १९८६ मध्ये ते कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. खेडे जसे आहे तसे डोळ्यांसमोर ठेवून यंत्र घडवले गेले. यंत्राला सोयीचे व्हावे म्हणून खेड्याला डोंगरावर चढवले नाही. सार्वजनिक क्षेत्र नालायक असते हा सिद्धांत त्या एका यंत्राने खोटा ठरवला. प्रश्न असतो तो राज्यकर्त्यांच्या इच्छेचा आणि लोकांच्या देखरेखीचा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ऑनलाइनमुळे सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या पाया पडावे लागत नाही, मजुरी मुकादमाच्या हातातून जाण्याऐवजी बँकेत जमा होते, खोटी हजेरी लावता येत नाही. मग ही सक्ती गरिबाच्याच हिताची नव्हे काय? यातील पहिल्या दोन गोष्टी मोलाच्या आहेत आणि त्या जाव्यात असे कोणी म्हणणार नाही. पण चोरीला आळा घालण्याचे ओझे चोरीला बळी पडलेल्याच्या डोक्यावर का? खोटी हजेरी मुकादम आणि अधिकारी लावत होते. मजुरी बुडते ती मजुराची. शिवाय छायाचित्राचे छायाचित्र काढून चढवण्याची युक्ती भ्रष्ट माणसाला अवगत असते. प्रामाणिक मजुराला मात्र रेंज नसण्यावर युक्ती नाही. गावासमोर हजेरीपटाचे जाहीर वाचन आणि सामाजिक अंकेक्षण हा चोरी पकडण्याचा उपाय कायद्याने दिलेलाच होता. त्याला वीज लागत नाही आणि टॉवरही लागत नाही. तो राबवला तर अधिकाऱ्याला गावाला तोंड द्यावे लागते, हीच त्याची अडचण.

तिसरा आक्षेप उपग्रहाचा. जून २०२५ मध्ये एका परदेशी कंपनीला उपग्रहाद्वारे इंटरनेट देण्याचा परवाना मिळाला, आणि आता डोंगराचा प्रश्नच मिटला असे सांगणारे पुढे आले. आरोग्य उपकेंद्र, आश्रमशाळा, पुराने तुटणारी गावे यांसाठी उपग्रह उपयोगी पडेल. तो जरूर वापरावा. परंतु ज्या घराला महिन्याचे साधे रिचार्ज जड जाते त्याच्या छपरावर ती तबकडी बसणार कोणाच्या पैशाने? सार्वजनिक व्यवस्थेच्या हातातील साधन म्हणून उपग्रह ठीक. व्यवस्थेची जबाबदारी झटकण्याची सबब म्हणून नव्हे.

न्यायालयांनी या बाबतीत शासनाच्या पुढे पाऊल टाकले आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट मिळण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ई-केवायसीमुळे वगळल्या जाणाऱ्या अपंग नागरिकांच्या प्रकरणात, डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हे संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचे अंग असल्याचे सांगितले. केरळने जून २०२३ मध्ये स्वतःचे सार्वजनिक फायबर जाळे सुरू करून गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे ध्येय ठेवले. त्याची गती कमी पडली असेल, पण दिशा चुकीची नाही. हक्क मान्य झाल्यावर तो पुरवण्याचे दायित्व राज्याचे ठरते. आणि दायित्व पुरे होईपर्यंत त्या कारणाने दुसरा कोणताही हक्क हिरावता येत नाही.

यास्तव मागणी स्पष्ट शब्दांत झाली पाहिजे. जेथे सेवा अखंड चालत नाही तेथे रेशन, मजुरी, निवृत्तिवेतन, पीकनोंद आणि विद्यार्थ्याचा प्रवेश यांपैकी काहीही केवळ ऑनलाइन पद्धतीवर अवलंबून ठेवू नये. कागदी अर्ज आणि कागदी हजेरीपट यांना कायद्याने समान मान्यता असावी. सर्व्हर बंद पडला तर त्या दिवसाची नोंद शासनानेच करावी आणि मुदत आपोआप पुढे जावी. बिघाडाचा भुर्दंड नागरिकाला बसू नये. एखादी पंचायत 'सेवासज्ज' आहे की नाही याचा दाखला कंत्राटदाराने वा अधिकाऱ्याने नव्हे, ग्रामसभेने द्यावा, आणि तो मिळाल्याखेरीज बिल निघू नये. डिजिटल भारत निधीत किती जमले आणि कोणत्या जिल्ह्यात किती खर्च झाले, हे दरवर्षी संसदेपुढे यावे. आणि पाच-दहा पंचायतींमागे एक तरी कायम नोकरीतील, प्रशिक्षित, स्थानिक लाइनमन असावा. केबल पुरण्याला उद्घाटन असते, दुरुस्तीला नसते. म्हणून आपल्याकडे पुरलेली केबल पुष्कळ आणि चालणारी थोडी.

या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. कोणत्याही सभ्य राज्याने आपण होऊन करावयाच्या या गोष्टी आहेत. तरीही त्या लढल्यावाचून मिळणार नाहीत, आणि कष्टकऱ्यांच्या चळवळींनीही येथे स्वतःकडे पाहिले पाहिजे. पाणी, वीज, रस्ता, रेशन यांसाठी मोर्चे निघाले. मोबाईल ही चैन आहे, शहरी खूळ आहे, अशा समजुतीने इंटरनेटचा प्रश्न बराच काळ मोर्च्याच्या घोषणांत आलाच नाही. दरम्यान शासनाने रेशनच इंटरनेटमध्ये नेऊन ठेवले, मजुरी तेथे नेली, सातबारा तेथे नेला. जो हक्क मागायचा त्याचे दार आता तेथे आहे, आणि दाराची किल्ली डोंगराच्या माथ्यावर. अंगणवाडी सेविकांनी मोबाईल परत केले तेव्हा त्यांनी सर्वांना वाट दाखवली होती: साधन धड द्या, नाहीतर त्याची सक्ती मागे घ्या.

डोंगर चढणारी स्त्री दया मागत नाही. आधी तार तिच्या पाड्यापर्यंत आणावी आणि मग तिला हिशेब विचारावा, एवढेच तिचे म्हणणे आहे. तोवर हिशेब द्यायचा आहे तो शासनाने, आणि तो मागण्यासाठी कोणत्याही ओटीपीची गरज नाही.